नमाज अरबीत, कविता सोमालीत

४ मार्च २०२४ रोजी सोमालिया पूर्व आफ्रिकी समुदायाचा पूर्ण सदस्य झाला आणि केनिया, टांझानिया, युगांडा यांच्या पंक्तीत जाऊन बसला. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १४ फेब्रुवारी १९७४ रोजी, हाच देश अरब लीगमध्ये दाखल झाला होता. ते सदस्यत्वही कायम आहे. सोमाली माणूस मुळात अरब की आफ्रिकी, हा वाद सोमाली अभ्यासकांत जुना आहे आणि परदेशात वाढलेल्या सोमाली तरुणांत तो आज अधिकच तावातावाने चालतो. माझ्या मते या वादाची मांडणीच फसलेली आहे, कारण त्यात ‘अरब’ आणि ‘मुसलमान’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सोमाली समाजाने इस्लाम हाडीमासी मुरवून घेतला. अरबपण मात्र त्याने उसने घेतले, तेही कधी प्रतिष्ठेसाठी, कधी पैशासाठी.

पुरावा शोधायचा तर आधी भाषेकडे जावे. सोमाली ही कुशिटिक कुळातली भाषा. तिची सख्खी भावंडे म्हणजे ओरोमो आणि अफार. धर्म, न्याय आणि व्यापार यांतले कितीतरी अरबी शब्द तिच्यात आहेत, पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मराठी माणूस तारीख, वकील, हिशेब, अर्ज हे अरबी मुळाचे शब्द दिवसभर वापरतो, म्हणून तो अरब होत नाही. भाषेचा खरा कस लागतो तो कवितेत. अभिजात अरबी कवितेचा प्राण अंत्ययमक. सोमाली कवितेचा नियम अगदी निराळा: कवीने एक ध्वनी निवडला की कवितेच्या प्रत्येक ओळीत त्या ध्वनीने सुरू होणारा शब्द आलाच पाहिजे, मग कविता शंभर ओळींची का असेना. मोरोपंतांच्या यमकांवर वाढलेल्या आपल्या कानाला ही शिस्त चमत्कारिक वाटेल, पण तिच्याशिवाय ‘गबय’ हा भारदस्त काव्यप्रकार उभाच राहत नाही. मक्केत जाऊन सालिहिया पंथाची दीक्षा घेतलेला आणि १८९९ पासून वीस वर्षे ब्रिटिशांशी लढलेला सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन धर्मयुद्धाची हाक देत होता, ती याच अनुप्रासातून, सोमालीत. अरबी त्याला उत्तम येत होती. पण उंटामागे चालणाऱ्या माणसाला पेटवायचे तर कोणत्या भाषेत बोलावे, हे तो जाणून होता.

धर्मशिक्षणही याच वाटेने गेले. परंपरा सांगते की शेख युसुफ अल-कौनेन याने, म्हणजे सोमालींच्या अव बरखदलेने, अरबी अक्षरांच्या स्वरखुणांना सोमाली नावे दिली. ‘वर चढवलेला’, ‘खाली उतरवलेला’ अशा त्या साध्या नावांच्या घोषात खेड्यातले पोर कुराण वाचायला शिकले. हरगेसाजवळची त्याची कबर अजूनही यात्रेचे ठिकाण आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये मोगादिशूला उतरला, तेव्हा त्याने तिथल्या सुलतानाविषयी एक नोंद केली: हा इथल्याच बर्बर प्रदेशातला आहे, इथलीच बोली बोलतो, अरबीही जाणतो. त्या काळी मोगादिशूत काझी होते, फकिहांचा, म्हणजे धर्मशास्त्र्यांचा, मान होता, १२६९ मध्ये बांधलेली फख्रुद्दीन मशीद उभी होती. म्हणजे दरबार इस्लामी होता, पण घरची भाषा आणि शिकलेली भाषा यांतला फरक एका परक्या प्रवाशालाही दिसत होता.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप वंशावळीचा. दारोद कुळ आपला मूळपुरुष शेख अब्दिरहमान अल-जबर्ती याला मानते, इसाक कुळ शेख इसहाक बिन अहमदला. दोघेही अरबस्तानातून समुद्र ओलांडून आले, इथल्या मुलींशी त्यांची लग्ने झाली आणि त्यांच्यापासून वंश वाढला, अशा कथा आहेत. दोघांच्या कबरी सनाग प्रदेशात दाखवतात. लहान मुलालाही वीस-पंचवीस पिढ्यांची नावे तोंडपाठ असतात, आणि ही साखळी शेवटी पैगंबरांच्या घराण्याला जाऊन भिडते. हे सारे खोटे म्हणून हसण्यावारी नेणे उद्धटपणाचे ठरेल. अरब व्यापारी आणि धर्मोपदेशक झैला, बेर्बेरा, मोगादिशू, बरावा या बंदरांत आले, स्थायिक झाले, यात शंका नाही. पण लाखो लोकांचे पितृकुळ एकेका पाहुण्यापासून सुरू झाले, हे मानायला इतिहास तयार नाही. सोमाली पुरुषांच्या वाय गुणसूत्रांवरचे २००५ चे संशोधनही त्या कथांना दुजोरा देत नाही. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुष ईशान्य आफ्रिकेत रुजलेल्या एकाच शाखेचे निघाले. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी फार पूर्वी सांगितले होते की या कथांचे काम जन्माची नोंद ठेवण्याचे नाही, धर्मातले स्थान सांगण्याचे आहे. वंशावळीच्या वरच्या टोकाचा भाग इतिहास म्हणून नव्हे, मानपत्र म्हणून वाचावा. ते मानपत्र समाजात काय करते, त्याकडे पुढे येतो.

दुसरा आक्षेप राजकारणातला: अरब नसतील तर ते अरब लीगमध्ये गेले कशाला? उत्तर त्याच वर्षांच्या घडामोडींत आहे. लिपी कोणती घ्यावी, यावर सोमालियात दशकभर भांडण चालले होते. अरबी लिपीचे कैवारी ‘लातिन म्हणजे ला दीन’, धर्महीन, अशी कोटी करत. पण अरबी लिपीत तीनच स्वरखुणा. सोमालीला पाच ऱ्हस्व आणि पाच दीर्घ स्वर लागतात, शिवाय आपल्या ‘ड’च्या जवळ जाणारा एक मूर्धन्य ध्वनीही. ऑक्टोबर १९७२ मध्ये सियाद बारे यांच्या लष्करी राजवटीने रोमन लिपी लागू केली. त्यानंतर दीड वर्ष उलटण्याआधीच तीच राजवट अरब लीगमध्ये गेली. आणि जानेवारी १९७५ मध्ये स्त्रियांना वारशात समान वाटा देणाऱ्या कायद्याला विरोध केला म्हणून तिने दहा धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. कायदा चांगला आणि शिक्षा राक्षसी, हे वेगळे सांगायला नको. पण रोमन लिपी, अरब लीग आणि धर्मगुरूंची हत्या ही तिन्ही कामे एकाच हाताने केली, तेव्हा त्यातल्या मधल्या कामाला रक्ताच्या ओढीचे नाव कसे द्यायचे? तेलाचे भाव नुकतेच कडाडले होते आणि सोमालियाला इथिओपियाविरुद्ध मित्र हवे होते. पुढे १९७७-७८ मध्ये इथिओपियातल्या ओगादेन प्रदेशासाठी युद्ध पेटले, तेव्हा दक्षिण येमेन हा अरब देश चक्क इथिओपियाच्या बाजूने उतरला. आणि २००० पासून २००९ पर्यंत सौदी अरेबियाने गुरांच्या रोगाच्या भीतीने सोमाली जनावरांची आयात बंद ठेवली. हजच्या काळात शेळ्या-मेंढ्या विकून जगणाऱ्या धनगरांची त्यात वाताहत झाली. सौदीने आपले हित पाहिले, त्यात गैर काही नाही. शेजारी शेजाऱ्यासारखा वागला, भाऊबंदासारखा नाही, एवढेच.

आता उलट बाजू. अलीकडे काही सोमाली लेखक आणि त्यांचे तरुण वाचक म्हणतात की इस्लामच उपरा, खरा सोमाली धर्म वाक या आकाशदेवाचा. वाकच्या खुणा आहेत, हे खरेच: केनियाच्या सीमेवरच्या एल वाक गावाच्या नावात ‘वाकची विहीर’ आहे, आणि भरभराटीला सोमालीत आजही ‘बरवाको’ म्हणतात. पण किनाऱ्यावर इस्लाम येऊन हजाराहून अधिक वर्षे झाली. बायका एकत्र जमून पैगंबरांच्या घरातल्या स्त्रियांची स्तुती गातात, त्या ‘सिताद’ गाण्यांना उपरे म्हणायचे? अरबीकरणाला विरोध करताना इस्लामही बाहेर फेकणारा माणूस नकळत तीच चूक करतो. दोन्ही गोष्टी एकच, हे तोही मान्य करून बसतो. जीवनव्यवहारात तर त्या कधीच एक नव्हत्या. पशुपालक सोमालींत ‘हेर’ नावाचा रूढिकायदा शरियतच्या बरोबरीने चालतो आणि अनेकदा तिच्यावर मात करतो. शरियत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देते. हेर उंटांच्या बाबतीत तिला बहुधा तोही देत नाही. तेव्हा जे जे देशी ते ते चांगले, असे मानणाऱ्यांनी हे उंट मोजून पाहावेत.

आखाताच्या प्रभावाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. १९७० च्या दशकापासून आखातात कामाला गेलेले लोक, १९९१ मध्ये राज्यसंस्था कोसळल्यावर शाळा आणि दवाखाने चालवायला पुढे आलेल्या धर्मादाय संस्था, शिष्यवृत्तीवर शिकून परतलेले तरुण यांच्याबरोबर सलफी विचार आला, आणि पोशाखापासून नमाजाच्या बारकाव्यांपर्यंत त्याने बरेच बदलले. पण हा विचार रुजताना पहिला आघात कोणावर झाला? अल-शबाब या सशस्त्र सलफी गटाने सूफी संतांच्या कबरी फोडल्या. २०१० मध्ये हिज्बुल इस्लाम या गटाने मोगादिशूच्या रेडिओ केंद्रांना संगीत बंद करायला लावले. आणि त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांत ‘अह्लु सुन्ना वलजमाआ’ ही सूफी संघटना होती, म्हणजे श्रद्धाळू मुसलमानच. ही लढाई अरब विरुद्ध सोमाली नाही. दोन प्रकारच्या मुसलमानांतली आहे, आणि तिच्यात एक बाजू शेकडो वर्षे सोमालीतून बोलत आली आहे.

राहिला मानपत्राचा प्रश्न. ज्यांना अरब मूळपुरुष सांगता येतो ते ‘उच्च’. ज्यांना येत नाही, त्यांच्याकडे समाज वेगळ्या नजरेने पाहतो. चामड्याचे काम करणारे, लोहार, आणि एकोणिसाव्या शतकात टांझानिया-मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज सोमाली बांटू हे जवळजवळ सगळे मुसलमान आहेत, सोमाली बोलतात, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशी सोयरीक टाळली गेली. बांटूंना ‘जरेर’, राठ केसांचे, म्हणतात. इस्लामने दिलेली समता अरब वंशाच्या दिमाखाने काढून घेतली, ती इथे. २०१२ च्या हंगामी राज्यघटनेने सोमालीला राजभाषा आणि अरबीला दुसरी भाषा ठरवून भाषेचा निवाडा योग्य केला. माणसांचा निवाडा मात्र २००० साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत झाला होता. चार मोठ्या कुळांना एकेक पूर्ण हिस्सा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. पुढच्या संसदा याच साडेचारच्या सूत्रावर भरल्या गेल्या.