घोटीला शर्यतीची पट्टी हवी

२०१८ च्या जानेवारीत इथं न्यू जर्सीत इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कनं ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्टीवरच्या मोटारींच्या शर्यती, कायमचं बंद केलं, तेव्हा आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ओल्ड ब्रिज, मॅनलापन, मार्लबरो या भागात राहणाऱ्यांना उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो आवाज घरबसल्या ऐकू यायचा. सत्यनारायणाची कथा चालू असताना खिडकीच्या काचा थरथरल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळे त्या सुटकेचं मला आश्चर्य वाटलं नाही. वाईट मात्र फार वाटलं आणि अजूनही वाटतं. १९६५ पासून चाललेली, एका कुटुंबानं सांभाळलेली ती पट्टी म्हणजे नुसता गोंगाट होता, असं जे आपल्याकडे बोललं जातं, ते मला मान्य नाही. उलट तसली एक पट्टी माझ्या गावी, घोटीला, व्हायला हवी आणि तिच्यासाठी इथल्या मराठी माणसांनी हालचाल करायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

जे कधी आत गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथं येऊन मी ज्या कारखान्यात कामाला लागलो, त्याच्या टूलरूममधल्या एका सहकाऱ्याकडे १९६९ ची प्लिमथ रोडरनर होती. ३८३ घनइंची, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचं इंजिन, कंपनीच्या हिशेबानं ३३५ अश्वशक्ती. घोटीत मोठ्या घरासमोर दिसायची ती अँबॅसडर दीड लिटरची, हे लक्षात घ्या. या गाडीचा हॉर्न कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा ओरडायचा आणि आत बसायला अगदी साध्या सीट होत्या. कामगाराच्या पगारात परवडावी म्हणूनच ती १९६८ साली बाजारात आणली होती. माझा सहकारी तीच गाडी घेऊन आठवडाभर कामावर यायचा आणि सुटीच्या दिवशी तीच पट्टीवर न्यायचा.

पट्टीवर गेल्यावर पहिला माणूस भेटतो तो तपासनीस. बॅटरी घट्ट बांधली आहे का, तेल गळतंय का, पट्टा धड आहे का, चाकाचे नट पुरे आहेत का, हे तो वाकून बघतो. गाडी जितकी वेगवान तितके नियम कडक. आजच्या नियमांत पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्याला हेल्मेट लागतं, ११.४९ च्या घरात गेलात तर गाडीत पोलादी रोलबार बसवावा लागतो. त्यानंतर पाण्याचं डबकं. मागची चाकं त्यात भिजवून जागेवर फिरवायची, रबर तापून चिकट होईपर्यंत. निळा-पांढरा धूर उठतो, जळक्या रबराचा वास नाकात बसतो आणि दोन गाड्या शेजारी शेजारी रेघेवर येतात. समोर दिव्यांचा खांब, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, १९६३ पासून तो वापरात आहे. पिवळे दिवे, मग हिरवा. ४०२ मीटर. माझ्या सहकाऱ्याला हे अंतर कापायला चौदा सेकंदांच्या आतबाहेर लागायचे. खिडकीतून हातात एक कागदाची पट्टी मिळायची. हिरव्या दिव्याला पाय किती उशिरा हलला, पहिले ६० फूट किती वेळात गेले, अर्ध्यात किती, शेवटी किती, सगळं हजारांश सेकंदापर्यंत. त्याची बायको त्या नोंदी वहीत उतरवायची, शेजारी हवेचं तापमान लिहायची. संध्याकाळी हवा गार आणि दाट झाली की तेच इंजिन लवकर पोचतं, हे त्या वहीतच मला कळलं. कॉलेजात शिकलेलं ऊष्मागतिकीशास्त्र मला तिथं पहिल्यांदा हाताला लागलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रॅकेट रेसिंग. या प्रकारात आपली गाडी किती सेकंदांत पोचेल हे चालकानं स्वतः आधी जाहीर करायचं, बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर लिहायचं. समजा एकानं १४.२० लिहिलं आणि दुसऱ्यानं १२.७०, तर पहिल्याला हिरवा दिवा दीड सेकंद आधी मिळतो. पण लिहिलेल्या वेळेपेक्षा तुम्ही लवकर पोचलात, तर बाद. म्हणजे थापा मारून चालत नाही. आजोबांची जुनी स्टेशन वॅगन नव्या कोऱ्या कॉर्व्हेटला हरवते आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पैसाच जिंकतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा प्रकार एकदा बघायला हवा होता.

या पट्ट्या अमेरिकेत हौसेनं उगवल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्यांच्या इंजिनांची ताकद वाढवून पोरं रात्री रस्त्यांवर शर्यती लावत आणि माणसं मरत. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथं विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि १९५४ पासून त्यांची माणसं सामान घेऊन गावोगाव हिंडली. गावच्या पोलिसांना आणि क्लबांना हे सुरक्षितपणे कसं भरवायचं ते त्यांनी शिकवलं. म्हणजे डेट्रॉइटच्या कंपन्यांनी १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून दांडग्या इंजिनांची स्पर्धा लावली आणि १९७० ची शेव्हेल ४५० अश्वशक्तीवर नेली, तेव्हा त्या ताकदीला जायला जागा तयार होती. पुढे विम्याचे दर चढले, धुराचे कायदे आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि तो जमाना ओसरला. गाड्या गॅरेजांत राहिल्या, पट्ट्याही राहिल्या. आता पट्ट्याही जात आहेत, आणि आपल्याच शहरांत रात्री चौक अडवून गाड्या गोल फिरवणाऱ्या पोरांच्या बातम्या येत आहेत. यात सगळा दोष पट्टी बंद होण्याचा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या पोरांना "इथं नको, तिकडे जा" असं सांगायला पोलिसांकडे आता "तिकडे" उरलेलं नाही, एवढं मात्र खरं.

आता घोटीकडे येतो. इगतपुरी तालुक्यातलं हे गाव भाताच्या गिरण्यांसाठी आणि बैलबाजारासाठी ओळखलं जातं. आमच्याकडचा बैल डांगी. पांढऱ्यावर काळे-तांबडे ठिपके, कातडीला असं काही तेल की धो धो पावसात अंगावर पाणी ठरत नाही, आणि चिखलात टिकणारे कठीण काळे खूर. भाताच्या खाचरात तो राजा. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे आणि बैलाचे दात मोजले जायचे, पण त्याआधी त्याला थोडं पळवून त्याची चाल बघितली जायची. दुसरीकडे मुंबई-आग्रा रस्ता. कसारा घाट चढून आलेले ट्रक घोटीत थांबायचे, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, लायनर बदलून घ्यायचे. त्या रस्त्याकाठच्या फिटर, वेल्डर आणि टायरवाल्यांच्या हाताखाली गावातली किती तरी मुलं तयार झाली. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला सिलिंडर सुटलाय ते सांगणारी माणसं आमच्याकडे होती आणि आहेत. अशा हातांना कौतुकाची जागा कुठे मिळते? मालक बिल देतो आणि निघून जातो. इंग्लिशटाउनला मात्र मेकॅनिकचं नाव भोंग्यावरून पुकारलं जायचं.

सरळ रेषेत, घड्याळाविरुद्ध पळण्याचं वेड आपल्याला परकं आहे असं कुणी म्हणू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथल्या बैलगाडा घाटात भंडारा उधळतो, भिर्रर्र होते आणि गाडा सेकंदांवर मोजला जातो. विदर्भातल्या शंकरपटातही घड्याळच निकाल देतं. साताऱ्या-सांगलीकडे मात्र गाड्या शेजारी शेजारी पळतात, गट, सेमी, फायनल. खिलारी बैलाची बारी दहा-पंधरा सेकंदांत आटपते आणि गावात वर्षभर त्याचीच चर्चा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. या काळात शर्यती थांबल्या का? भल्या पहाटे, चोरून, आडरानात होत राहिल्या, जिथं ना जनावरांचा डॉक्टर होता ना माणसांचा. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते, चित्रीकरण होतं, चाबूक आणि पराणीला मनाई आहे, धाव हजार मीटरच्या आत. बैलाच्या वेदनेचा प्रश्न माझ्या मते या नियमांनी पुरता मिटत नाही. पण इंजिनाला तर वेदनाच नाही. मग जी सोय सरकार बैलगाड्याला देऊ शकतं, ती मोटारीला द्यायला अडचण कसली?

कायद्यात अडचण नाहीच. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगतं, २०१९ च्या दुरुस्तीनं ती वाढवून तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड केली. पण त्याच कलमात "राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय" अशी अट आहे. संमतीचं दार कायद्यानंच ठेवलं आहे. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, आणि राष्ट्रीय रॅलीची फेरी नाशिकच्या मातीतही भरलेली आहे. आपल्या लोकांना हे जमतं.

घाई का, तर समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्यानं आमच्या तालुक्यात आला. २०२३ च्या मेमध्ये शिर्डीहून भरवीरपर्यंत, २०२४ च्या मार्चमध्ये भरवीर ते इगतपुरी, आणि ५ जून २०२५ ला पुढचा आमण्यापर्यंतचा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला. भरवीर घोटीच्या उशाशी आहे. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा असलेला सरळ, रुंद, सिमेंटचा रस्ता आणि हातात नवी गाडी असलेला बावीस वर्षांचा मुलगा. पुढे काय होतं ते मोबाइलवर रोज दिसतं. एका हातानं वेगाच्या काट्याचं चित्रीकरण, दुसरा हात स्टिअरिंगवर. त्याला नुसतं "हळू चालव" म्हणणं माझ्या मते पुरेसं नाही. त्याला वेग कळायलाच हवा, आणि तो भिंतींच्या आत, रुग्णवाहिका उभी असताना कळायला हवा.

पट्टी झाली तर उलट चटक लागेल, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. माझा अनुभव वेगळा आहे. कागदावर १६.९ सेकंद उमटलेले पाहिले की फुशारकी गळून पडते आणि मुलगा टायरमधली हवा, गिअर, हवेचा फिल्टर यांच्याबद्दल विचारू लागतो. सॅन दिएगोत १९९८ च्या सुमारास स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकांनी रस्त्यावरच्या शर्यतींतले मृत्यू हा साथरोगासारखाच रोखण्याजोगा प्रश्न मानला आणि स्टेडियमच्या वाहनतळावर एक अष्टमांश मैलाच्या शर्यती सुरू केल्या. अमेरिकेत काही ठिकाणी पोलीस स्वतःची गाडी घेऊन तरुणांविरुद्ध पट्टीवर उतरतात, त्या उपक्रमाचं नावच "बीट द हीट". पोलीस हरला की त्या मुलाशी त्याची ओळख होते.

धोका आहे. २००८ च्या जूनमध्ये इंग्लिशटाउनलाच स्कॉट कॅलिटा हा नामवंत चालक गेला, आणि सर्वांत वेगवान वर्गांची धाव १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणली गेली. त्या गाड्या हजारो अश्वशक्तीच्या. आपल्याला त्यांची गरज नाही. अष्टमांश मैल, म्हणजे २०१ मीटर धावायला आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट थांबायला एवढी जागा पुरे.

जमिनीचा आक्षेप मी मनापासून मानतो. समृद्धीच्या मोजणीला सिन्नर तालुक्यातल्या शिवड्यानं केलेला विरोध कुणी विसरू नये. भाताचं एक खाचरही यासाठी जाता कामा नये. मुरमाड माळ घ्यावा, नाहीतर औद्योगिक वसाहतीतला न वापरलेला सरळ रस्ता सुटीच्या दिवशी बंद करून घ्यावा. आमच्या पावसात चार महिने तसंही काही होणार नाही. दिवाळीनंतर ते मेपर्यंत, महिन्यातून एक रविवार, उजेडात. सायलेन्सर सक्तीचा. इंग्लिशटाउनभोवती घरं वाढत गेली आणि आवाजावरून भांडणं लागली, तो धडा आपल्याकडे आयता आहे. तेव्हा वस्तीपासून लांब जागा आधी ठरवावी, बाकी सगळं नंतर.

मंडळाकडे माझी मागणी स्पष्ट आहे. आपल्यात इंजिनिअर आहेत, विमा कंपन्यांत काम केलेले आहेत, डॉक्टर आहेत. अमेरिकेतल्या पट्ट्या बंद होतात तेव्हा दिव्यांचे खांब आणि वेळ मोजायची यंत्रं विकायला निघतात, त्यातला एक संच आपण घ्यावा. नियमांची पुस्तिका मराठीत करावी. या दिवाळीत जे नाशिकला जाणार आहेत, त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि परिवहन कार्यालयात अर्ज कसा करायचा ते विचारून यावं. घोटीतल्या गॅरेजवाल्यांशी मी बोलतो. सुरुवातीला बुलेट, बोलेरो आणि जुन्या मारुतीच येतील, येऊ द्यात. वेळ काचेवर लिहायची पद्धत असली की त्यांच्यातला कुणीही जिंकू शकतो. ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी पुढच्या कार्यकारिणी बैठकीच्या आधी सचिवांकडे नाव द्यावं, पहिला खर्चाचा आराखडा मी घेऊन येतो.