बरा झालेला मनोरुग्ण घरी का जात नाही?

मिरज ही दवाखान्यांची नगरी. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उघडले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आजही कर्नाटकातून, कोकणातून रोगी मिरजेची वाट धरतात. मात्र घरातल्या माणसाचे मन आजारी पडले आणि तो हाताबाहेर गेला, की याच मिरजेच्या गोरगरीब वस्त्यांत दोन नावे उच्चारली जातात, रत्नागिरी नाहीतर येरवडा. त्या उच्चारात उपचारापेक्षा कायमची रवानगीच जास्त असते.

या रवानगीला इतिहास आहे. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा ही महाराष्ट्रातील चार मोठी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीत उभी राहिली. त्यांच्यामागे १८५८ चा आणि पुढे १९१२ चा कायदा होता. पोलिसाने रस्त्यावरचा 'वेडा' पकडायचा, मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायचा आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने तो आत जायचा. गोऱ्या रोग्यांची सोय वेगळी, नेटिवांची वेगळी. १९१२ च्या कायद्याने तुरुंगांच्या महानिरीक्षकाला या संस्थांचा पदसिद्ध पाहणी अधिकारी केले. यावरूनच सरकारचा हेतू कळतो. रोग्याला बरे करण्यापेक्षा शहराचा बंदोबस्त त्यांना महत्त्वाचा वाटत होता. पुढे 'असायलम'ची पाटी काढून 'मेंटल हॉस्पिटल'ची पाटी लावली, तरी १९१२ चा कायदा स्वतंत्र भारतातही चालूच राहिला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ साली अमलात आला, तेव्हा कुठे तो गेला.

याच १९९३ साली शीला बारसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. त्यांना पळताही आले नाही. पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली.

आजचा कायदा २०१७ चा असून तो २०१८ पासून लागू आहे. तो रोग्याला हक्क असलेला नागरिक मानतो. त्याला साखळीने बांधता येत नाही. सक्तीने मुंडण करता येत नाही. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. काम करून घेतले तर मोबदला द्यावा लागतो. सर्वात महत्त्वाचे कलम १९ आहे. घरचे नेत नाहीत, घरच नाही किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते स्पष्ट बजावते. ती सोय उभी करण्याची जबाबदारी शासनावर टाकते.

आणि शासनाने काय केले? बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले! जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला हा प्रकार थांबवायला सांगितले. आजारातून उठलेला माणूस भिकारी कसा ठरतो, याचे उत्तर कोणी द्यायचे?

परंतु शासनाला दोष देऊन आपली सुटका होत नाही. बरा झालेला भाऊ परत येत नाही, याचे कारण पुष्कळदा सातबाऱ्यावर सापडते. त्याचा हिस्सा दुसऱ्याने खाल्लेला असतो. बाईच्या बाबतीत नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला असतो, माहेर म्हणते, दिली तिथे मेली. दाखल करताना दिलेला पत्ता खोटा निघतो. कोर्टात तर 'वेडी आहे' हा एक शब्द बाईचे घर, पोटगी आणि मुले हिसकावून घ्यायला वापरला जातो. हा आरोप समोरच्या पक्षाने नाकारला, तर कलम १०५ प्रमाणे न्यायालयाने तो पडताळणीसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवला पाहिजे. किती वकील हे कलम कोर्टापुढे ठेवतात?

आपण धम्म स्वीकारला, भगत-मांत्रिक सोडले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचे आपण स्वागत केले. परंतु भगत गेला म्हणून मनोरुग्णाच्या वाट्याची अस्पृश्यता गेली काय? त्याचे ताट वेगळे, जागा वेगळी, लग्नकार्यात त्याला कोंडून ठेवायचे. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या भोगले, त्यानेच आपल्या घरात दुसरे गावकूस बांधावे काय?

पटाचारेची कथा विहारात सांगितली जाते. पती, मुले, आईवडील, सगळे गमावून भान हरपलेली ती बाई विवस्त्र फिरत होती. लोक तिच्यावर माती, कचरा फेकत होते. ती धम्मसभेजवळ आली तेव्हा लोक तिला अडवू लागले. तथागतांनी तिला येऊ दिले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. पुढे तीच थेरी झाली, इतर दुःखी स्त्रियांचा आधार झाली. तिला बरे करणारी पहिली गोष्ट म्हणजे तिला सभेत जागा मिळाली.

म्हणून मिरज, सांगली, साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातील कोण किती वर्षांपासून मनोरुग्णालयात आहे, याची घरोघर चौकशी करावी. कलम २७ प्रमाणे मनोरुग्णाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावेत. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी निवासाची सोय जिल्ह्यातच करा, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरावी. आणि जो परत येईल त्याला वस्तीत नावाने हाक मारावी. मतदार यादी, रेशनकार्ड आणि सातबारा या तिन्ही ठिकाणी त्याचे नाव आहे की नाही, हे पाहणे आपलेच काम आहे.