सर्चलाइटच्या पोटात एलईडी नको

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "त्या भंगाराचं तुम्ही करणार काय?" विचारणाऱ्यांत घरचे आहेत, मशिदीतले ओळखीचे आहेत आणि चहाच्या टपरीवरचेही आहेत. आज एकदाच सविस्तर उत्तर लिहून टाकतो.

हे भंगार म्हणजे दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला एक जुना सर्चलाइट. माझ्या चुलतभावाचा भंगाराचा धंदा आहे. मोडीत निघालेल्या एका सर्कशीचं सामान त्यानं वजनावर घेतलं, त्यात हा आला. कापून विकण्याआधी त्यानं मला फोन केला, कारण लहानपणी आम्ही दोघांनी एकाच गच्चीवरून असला झोत पाहिला होता. आमखास मैदानावर सर्कस उतरली की रात्री आभाळात पांढरी काठी फिरायची. आमच्या पाण्याच्या टाकीवरून ती सरकली की दादी म्हणायची, "आ गए पैसे मांगने वाले." जाहिरातफलक वाचता न येणाऱ्यालाही त्या एका झोतावरून कळायचं की सर्कस आली आहे आणि कोणत्या दिशेला आहे.

सर्कशीच्या आठवणींनी गहिवरण्याचा माझा स्वभाव नाही. केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकडांचे खेळ बंद झाले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान मुलांना सर्कशीत राबवण्यावर बंदी आणली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण पिंजरे गेले म्हणून दिवाही वितळवायला हवा, असं नाही.

हा दिवा चालतो कसा, हे सांगितल्याशिवाय माझा मुद्दा कळायचा नाही. यात बल्ब नसतो. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असतात. त्यांत डीसी करंट सोडून टोकं क्षणभर एकमेकांना टेकवायची आणि लगेच थोडी दूर न्यायची. मधल्या फटीत आर्क पेटतो. धन बाजूच्या कार्बनला खळगा पडतो, त्याचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या वर जातं. तो खळगा हाच खरा दिवा. त्याचं तोंड मागच्या खोलगट आरशाकडे असतं आणि आरसा तो उजेड सरळ रेषेत बाहेर फेकतो. कार्बन जळून आखूड होत जातात, म्हणून ते सतत पुढे सरकवावे लागतात. खळगा आरशाच्या केंद्रापासून जरा हलला की झोत फाटतो. म्हणजे या दिव्याजवळ माणूस लागतो, आणि तोही जागा.

आमच्या मोहल्ल्यात तसा एक माणूस उरला आहे. त्यांना सगळे चाचा म्हणतात. उमेदीची वर्षं त्यांनी टॉकीजच्या केबिनमध्ये घालवली. झेनॉन दिवे येण्याआधी सिनेमाचे प्रोजेक्टरही कार्बनवरच चालायचे. सर्चलाइट आणि प्रोजेक्टर हे एकाच घरातले भाऊ. एक पडद्यावर बघतो, दुसरा आभाळात. चाचांनी पत्र्याचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि काजळी बोटावर घेऊन हुंगली. तेव्हाच मी समजलो, हे काम होणार.

ट्रेलरचं काम सोपं निघालं. बेअरिंग बदलले, धुरा सरळ केला, टायर नवे घातले. आतल्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्यात मात्र अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडं घासलं नाही. ओलं करून, तोंडावर नीट मास्क लावून काढलं. आरशाच्या कडा काळ्या पडल्या आहेत, पण मधला भाग शाबूत आहे. त्याला आम्ही दिवसा जाड ताडपत्रीखाली ठेवतो. मराठवाड्याचं ऊन त्या आरशात शिरलं तर समोरचा कपडा पेटायला वेळ लागणार नाही. करंटसाठी जुना जनरेटर मिळाला नाही, तेव्हा वेल्डिंगच्या डीसी रेक्टिफायरवर काम भागवलं.

अडलं ते कार्बनपाशी. सर्चलाइटचे कार्बन दुकानात मिळत नाहीत. वेल्डिंगवाले खाचा पाडायला तांब्याचा मुलामा दिलेल्या गाउजिंग कांड्या वापरतात, त्या लावून पाहिल्या. आर्क पेटला, पण उजेड पिवळसर आणि लहरी. याच वेळी सल्ले सुरू झाले. एका लाइटिंगवाल्यानं सरळ सांगितलं, आतलं सगळं काढा, एलईडी बसवा, बटण दाबा, काम संपलं. धूर नाही, कार्बन नाही, शेजारी उभा राहणारा माणूस नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी डळमळलोही. चाचांना विचारलं तर म्हणाले, "रोशनी तो वो भी देगा बेटा. फिर इसकू सर्चलाइट नक्को बोलो, पत्रे का डब्बा बोलो."

त्या रात्री मला विष्णुपंत छत्रे आठवले. १८८० साली भारतीय सर्कस उभी करणारा हा मराठी माणूस. कियारिनीची इटालियन सर्कस मुंबईत पाहून त्यांनी जिद्दीनं स्वतःची सर्कस काढली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ते ग्वाल्हेरच्या उस्ताद हद्दू खाँचे शागीर्द होते, हे कमी जणांना माहीत असतं. उस्तादांचे चिरंजीव रहमत खाँ, थोर गवई, पुढे मनानं आणि परिस्थितीनं विस्कटले. छत्र्यांनी त्यांना सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि लोकांसमोर गायला बसवलं. आज रहमत खाँ मराठी मुलखात 'भूगंधर्व' म्हणून ओळखले जातात, त्यामागे हा सांभाळ आहे.

छत्र्यांनी रहमत खाँना नुसतं जेवूखाऊ घालून कोपऱ्यात बसवलं असतं, तरी ते पुण्याचंच काम झालं असतं. पण त्यांनी त्यांच्याकडून त्यांचं काम करून घेतलं. डागडुजीचा मला कळलेला अर्थ हाच. वस्तूला तिचं स्वतःचं काम परत द्यायचं. रंग लावून चौकात उभं करणं ही तिची कबर झाली, आणि आतडी काढून नवं यंत्र भरणं हा पेंढा झाला.

एलईडी नको म्हणण्याचं दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. मोहल्ल्यातली पोरं आली होती. ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये हा ट्रेलर डीजेच्या मागे जोडायचा, आत रंगीत बीम बसवायचे, अशी त्यांची कल्पना. मी नाही म्हणालो, ते नाराज झाले. महाराष्ट्रात २०२३ च्या गणेशोत्सवानंतर लेझरनं डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा आपण हळूच मान हलवली, जणू ते दुसऱ्यांचं दुखणं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं साधी गोष्ट सांगितली : जे गणेशोत्सवात घातक, ते ईदच्या जुलूसमध्येही घातक. यावर चिडायचं कारण काय? ज्या पैगंबरांनी रस्त्यातला काटा उचलणं हे ईमानाचं काम सांगितलं, त्यांच्या जन्मदिनी आपण लोकांच्या डोळ्यांत काटे मारायचे?

जुना झोत वर जायचा. तो दुरून बोलवायचा, यायचं की नाही ते तुमच्यावर होतं. आजचा बीम गर्दीच्या तोंडावर मारला जातो. फरक फक्त यंत्रातला नाही. कार्बनच्या दिव्याशेजारी एक माणूस काळी काच लावून उभा असायचा आणि झोत कुठे जातो याला तो जबाबदार असायचा. बटणाच्या दिव्याला असा कोणी धनी उरला नाही.

म्हणून आमचे नियम ठरले आहेत. दिवा कार्बनवरच चालेल. झोत माणसांवर जाणार नाही. चिकलठाण्याचा विमानतळ जवळ आहे, त्यामुळे लेखी परवानगी हातात आल्याशिवाय आभाळातही जाणार नाही. तोवर गोदामाची भिंत पुरेशी आहे. चालवताना मोहल्ल्यातली दोन पोरं चाचांच्या शेजारी शिकायला उभी राहतील. त्या नाराज पोरांपैकीच एक आता रोज संध्याकाळी येतो. आणि ट्रेलरवर पाटी लागली तर त्यावर पहिलं नाव चाचांचं असेल. आपल्या शहरात जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीच्या पाट्या वाचा. उद्घाटन कोणी केलं ते सापडतं, मिस्त्री सापडत नाही.

आता वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या गावातल्या बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये, माळ्यावर, एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या पेटीत प्रोजेक्टरच्या कार्बनचा खोका पडून असेल, तर तो कचऱ्यात टाकू नका. प्रतिक्रियेत दोन ओळी लिहा, मी येऊन घेऊन जाईन. आणि तो ऑपरेटर हयात असेल, तर खोक्याआधी मला त्यांना भेटायचं आहे.