नाका कुणाचा, माल कुणाचा?

भिवंडीची गोदामं जकातीने उभी केली, असं इथलं कुणीही जुनं माणूस सांगेल. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर मुंबई महापालिका आत येणाऱ्या मालावर जकात घ्यायची. म्हणून व्यापाऱ्यांनी माल नाक्याच्या अलीकडे, माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे अशा गावांत ठेवला आणि गरजेपुरता आत न्यायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली. त्यामुळे नाका म्हणजे काय, हे आम्हा भिवंडीकरांना शिकवावं लागत नाही. मी बोलणार आहे तो नाका मात्र रस्त्यावर नाही, प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

एखादी मराठी कादंबरी घ्या. तिची छापील प्रत अँड्रॉइड फोनवरून ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मागवली, तर ती कदाचित भिवंडीच्याच गोदामातून निघेल आणि त्या विक्रीत गूगलचा वाटा असेल शून्य. त्याच कादंबरीचं ई-पुस्तक त्याच फोनवरच्या किंडल ॲपमध्ये वाचता येतं, पण विकत घेता येत नाही. जून २०२२मध्ये ती सोयच काढून टाकली गेली. कारण गूगल प्लेच्या नियमानुसार कागदी पुस्तक हा ‘वस्तू’ म्हणून मोकळा, पण डिजिटल पुस्तकाचे पैसे गूगलच्या बिलिंगमधून घ्यायचे आणि त्यावर कमिशन द्यायचं. दर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर १५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. वर्गणी असेल तर १५ टक्के. आयफोनवरही किंडलची हीच कथा, तीही २०११पासून.

कमिशनचं समर्थन ठरलेलं आहे: आम्ही ॲप तपासतो, साठवतो, पोचवतो, व्हायरसपासून वाचवतो. हे काम खरं आहे आणि त्याला खर्च येतो, हेही मान्य. पण साड्या विकणारं ॲप तपासायला लागत नाही का? रिक्षा बोलावणारं ॲप आपोआप पोचतं का? ते याच दुकानातून उतरतं, याच सर्व्हरवरून अपडेट होतं आणि त्याच्या विक्रीवर दमडीही लागत नाही. मग कमिशन सेवेचं नाही. ते जिथून वसूल करता येतं तिथून केलं जातं, एवढाच त्याचा अर्थ.

पैसे फिरवण्याचा खर्च म्हणावं, तर त्याचीही तीच गत. जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही. कारखान्याबाहेरचा चहावाला दहा रुपये घेतो, ते दहाच्या दहा त्याच्या खात्यात पडतात. गूगल प्लेवरही यूपीआयने पैसे भरता येतात, पण तिथे शंभराचे पंचाऐंशी किंवा सत्तर होतात.

कुणी म्हणेल, पुस्तकविक्रेते काय कमी घेतात? घेतात, भरपूर घेतात. पण विक्रेता जागेचं भाडं भरतो, न खपलेल्या प्रती सांभाळतो आणि एकाशी पटलं नाही तर प्रकाशक दुसऱ्याकडे जातो. मुख्य म्हणजे साहित्य संमेलनातल्या स्टॉलवर प्रकाशकाने स्वतः विकलेल्या प्रतीवर कुठलाही विक्रेता हिस्सा मागत नाही. गूगल मागतं. भारतात दुसऱ्या कंपनीचं बिलिंग वापरायची ‘मुभा’ दिली, तेव्हा कमिशन फक्त चार टक्क्यांनी उतरलं: १५चे ११, ३०चे २६. म्हणजे गाडी नाक्यावरून गेली नाही तरी पावती फाडायचीच. आणि बाहेर स्वस्त मिळतं, असा दुवा ॲपमध्ये द्यायलाही मनाई. मराठी लेखकाला मानधन साधारण १० ते १५ टक्के मिळतं, हे लक्षात घेतलं की लिहिणाऱ्याइतकंच नाकेदार घेतो, हे उघड दिसतं.

गूगल सांगतं की ९७ टक्के विकसक काहीच देत नाहीत. खरं आहे, ते ॲपमध्ये काही डिजिटल विकतच नाहीत. रिकाम्या गाड्या फुकट सोडल्या, याचं कौतुक कुठल्या नाक्याने करून घेतलं होतं?

या नाक्यावर दाद मागायची कुणाकडे? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ला गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला आणि स्वतःच्या यूट्यूबला एक न्याय, इतरांना दुसरा, हा भेदभावही नोंदवला. मार्च २०२५मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला. पुढची अपिलं सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान १ मार्च २०२४ला गूगलने शादी डॉट कॉम, नोकरी, भारत मॅट्रिमनी आणि मराठीसह अनेक भाषांत ऐकवणारं कुकू एफएम अशी ॲप्स प्लेवरून उतरवली. केंद्रीय मंत्री मध्ये पडले, तेव्हा ती काही दिवसांत परत आली. मोठ्यांसाठी मंत्री धावले. पुण्यातल्या एखाद्या छोट्या प्रकाशकाचं ॲप उतरलं असतं, तर कोण धावलं असतं?

जकात मलाही आवडत नव्हती. नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी यांची आठवण कुणाला गोड वाटणार नाही. पण तिचा दर निवडून आलेली महापालिका लावायची, पैसा शहराच्या तिजोरीत जायचा आणि लोकांनी रेटा लावल्यावर ती रद्दही झाली. फोनमधल्या नाक्याला मतदार नाही. म्हणून कायदाच हवा. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, पण २०२५मध्येही त्याचा कायदा झाला नाही.

त्या कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात. विक्रेत्याला आपली बाहेरची किंमत आणि दुवा ॲपमध्ये दाखवता यावा. जो पैसा नाक्यावरून गेला नाही, त्यावर कमिशन नसावं. आणि ॲप तपासण्या-पोचवण्याचं शुल्क घ्यायचंच, तर ते साडीला आणि कादंबरीला एकाच नियमाने लागावं. अमेरिकेत ३० एप्रिल २०२५च्या न्यायालयीन आदेशानंतर ॲपलला ॲपमधले बाहेरचे दुवे मोकळे करावे लागले आणि थोड्याच दिवसांत तिथल्या आयफोनवर किंडलमध्ये पुस्तक घ्यायचं बटण आलं. दुकान कोसळलं नाही, व्हायरसही शिरले नाहीत. ते बटण अमेरिकेपुरतंच होतं. ते इथे यायला तंत्राची अडचण नाही. तसा नियम करायला आपण कुणाला भाग पाडलेलं नाही.