चिखलाची वकिली

मौज ठरवून करता येत नाही, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावी लागावीत, इतके आपण शहाणे झालो आहो. आज घराघरांत आनंदाचेसुद्धा वेळापत्रक असते. सोमवारी चित्रकला, मंगळवारी पोहणे, बुधवारी गणिताची शिकवणी आणि रविवारी सायंकाळी साडेपाच ते सात मुलांबरोबर गप्पा! साडेसहाला बाप घड्याळाकडे पाहतो आणि मुलगा बापाकडे पाहतो. याला मौज म्हणायचे असेल, तर कचेरीतल्या बैठकीला सत्यनारायण का म्हणू नये?

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या रोजच्या जगण्यातली मौज आटली ती पैशाच्या टंचाईने नव्हे. आपल्याला रिकाम्या वेळाची भीती वाटू लागली, म्हणून ती आटली. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. याच सणात, आपल्याच दाराशी तो आहे. दिवाळीचा किल्ला!

दगडविटांचा ढीग रचावा, चिखलात बुचकळलेली गोणपाटे त्यावर पसरावीत, माती थापावी, अळीव नाहीतर मोहरी पेरून चार-पाच दिवसांत हिरवे रान उगवलेले पाहावे, कुंभाराकडचे मावळे बुरुजांवर उभे करावेत आणि शिखरावर महाराजांना सिंहासनावर बसवावे, ही किल्ल्याची रीत. पायथ्याशी ताटलीतले तळे, गुहेत वाघ आणि कुणाच्या तरी खेळण्यांतली लाल एस. टी. शेजारचे पोर न बोलावता येते, भांडते, रुसते आणि पुन्हा माती कालवू लागते. आराखडा कुणाजवळच नसतो. बुरूज ढासळतो आणि त्या जागी खिंड होते.

आता बाजारात तयार किल्ला मिळतो. साच्यातून काढलेला, रंगवलेला. आणावा, गॅलरीत ठेवावा, फोटो काढावा आणि हात न धुता फराळाला बसावे. कारण हात मळलेलेच नसतात! आणि जिथे अजून मातीचा किल्ला होतो, तिथे स्पर्धा येऊन बसते. आमच्या भागातल्या एका परीक्षकांनी पायथ्याच्या एस. टी.बद्दल गुण कापले. शिवकाळात एस. टी. नव्हती म्हणे! नव्हती, कबूल. पण मावळ्यांना तालुक्याच्या बाजाराला जायला गाडी हवी, हे ज्या पोराला सुचले, त्याने इतिहास बिघडवला नाही. त्याने तो आपल्या गावात आणला. ते गुण त्याला द्यायला हवे होते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण त्या बारांतला राजगड नीट पाहा. संजीवनी माचीचा दुहेरी तट डोंगराच्या सोंडेबरोबर वळत वळत गेला आहे. डोंगराला साच्यात बसवायला कुणी गेले नाही. डोंगर पाहून तट वळवला. हातातली जागा पाहून तिथल्या तिथे सुचणे, यालाच तर मी मौजेचे मूळ म्हणतो. आणि त्या गडांच्या मुलखातल्या पोरांना आपण साच्यातला किल्ला विकत आणून देतो!

मी मास्तर माणूस आहे, म्हणून याचे फळ मला वर्गात रोज दिसते. रिकाम्या तासाला मुलांना म्हणालो, ‘‘बाळांनो, आज हवे ते करा.’’ चाळीस मुले गप्प. शेवटी एक हात वर आला. ‘‘सर, हवे ते म्हणजे कोणत्या वहीत?’’ माझ्या अंगावर काटा आला. हे पोर उद्या मोठे होईल, चांगले मिळवील. पण सुटीच्या दिवशी उठून काय करावे, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागेल.

कुणी म्हणेल, हे मास्तरांचे लाड झाले. स्पर्धेच्या जगात खेळून कसे भागणार? त्यांना मी सांगतो, १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातले ३१ वे कलम विश्रांती, फावला वेळ आणि खेळ यांना मुलांचा हक्क म्हणते, आणि १९९२ साली भारताने तो करार मान्य केला आहे. हक्काच्या गोष्टीला लाड म्हणू नये. आणि परदेशी कागद नको असेल, तर आपल्या ताराबाई मोडकांकडे पाहा. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी शिंपले, खडे, पाने, बिया यांतून बालवाडी उभी केली. परिसरात जे पडले होते, ते त्यांना पुरले.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पूर्वी पाहुणे न कळवता येत, गप्पांचे फड जमत, असे आपण पुरुष मोठ्या कौतुकाने सांगतो. पण त्या मौजेसाठी रात्री दहाला चूल कोण पेटवीत असे? तसली मौज मला नको. एकाने हसावे आणि दुसरीने राबावे, याला उत्स्फूर्तपणा म्हणत नाहीत. तेव्हा न कळवता खुशाल जावे; पण चहा आपण ठेवावा, कपबश्या आपणच विसळाव्या आणि यजमानीणबाईंना गप्पांत बसवावे.

बाकी माझ्या मागण्या फार नाहीत. दिवसातला अर्धा तास बेनावाचा ठेवा. त्यात मोठ्यांनी ‘काय करतोस?’ असे विचारायचे नाही. सोसायटीच्या फरशा घातलेल्या आवारात दोन हात जागा मातीची राखा. पाऊस आला तर एखाद दिवशी छत्री असूनही भिजा. भाजी आणायला निघालेल्या नवराबायकोने वाट सोडून नदीवर जावे, आणि घरी त्या रात्री पिठले-भात व्हावा. तो कुणी करायचा, ते वर सांगितलेच आहे.

यंदा आपल्या दारातला किल्ला वाकडा झाला, तर सरळ करायला धावू नका. पोरांनी हाक मारलीच, तर धोतर, पातळ, पँट जे असेल ते वर खोचा आणि चिखलात बसा. फराळाचे ताट थोडे थांबेल.