खुबाबदलानंतरची गोळी : निवडून, सरसकट नव्हे

खुब्याचा सांधा बदलल्यानंतरच्या काही आठवड्यांत सांध्याभोवतीच्या स्नायूंत कधी कधी नवे हाड तयार होते, त्यास अस्थानी अस्थिनिर्मिती म्हणतात. शस्त्रक्रियेत दुखावलेल्या ऊतींतील अपरिपक्व पेशी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांच्या प्रभावाने हाड घडवू लागतात, आणि इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेनसारखी सूजरोधक औषधे त्या द्रव्यांची निर्मितीच रोखत असल्याने ती शस्त्रक्रियेनंतर दिवसा-दोन दिवसांतच सुरू करावी लागतात. क्ष-किरण चित्रात हाड दिसू लागल्यावर दिलेल्या गोळीने दुखणे कमी झाले तरी हाड विरघळत नाही.

एवढ्यावरून प्रत्येक रुग्णाला ही गोळी द्यावी असे ठरत नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील 902 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना 14 दिवस रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन व उरलेल्यांना औषधहीन गोळी दिली गेली. अस्थानी हाड खरोखरच कमी झाले, पण सहा ते बारा महिन्यांनी वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, उलट रुग्णालयातील वास्तव्यात मोठ्या रक्तस्रावाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. उपचार क्ष-किरण चित्रावर नव्हे तर माणसावर करायचा असल्याने हा निष्कर्ष निर्णायक मानला पाहिजे.

पुण्यात शस्त्रक्रिया करून कामशेत, पवनानगर किंवा लोणावळ्याला परतणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर ठरतो, कारण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याला ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असते, रक्तदाबाची गोळी जोडीला असते, आणि खुबा ठणकला की घरचे कोणी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणून देते; यातून जठरातील रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरील ताण या दोन्हींना वाट मिळते. डिस्चार्ज कार्डावर सूजरोधक औषध कशासाठी दिले आहे आणि ते कोणत्या तारखेला थांबवायचे आहे, हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर स्थानिक डॉक्टरने शल्यचिकित्सकाला फोन करूनच पुढची चिठ्ठी लिहावी.

औषधाचा खरा लाभ मोजक्यांनाच आहे : ज्यांच्या दुसऱ्या खुब्यात पूर्वी असे हाड वाढले आहे, ज्यांना मणका ताठर करणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे, किंवा द्रुतगती मार्गावरील अपघातात खुब्याची वाटी मोडून ज्यांची आधी शस्त्रक्रिया झाली आहे. यांपैकी कोणाला पूर्वी अल्सर होऊन गेला असेल तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा नंतरच्या तीन दिवसांत खुब्याला एकदाच 7 ग्रे किरणोत्सर्ग देण्याचा मार्ग उरतो. ती सोय मोठ्या शहरातच असल्याने हा निर्णय आधीच व्हावा लागतो. शल्यचिकित्सकासमोर रुग्ण काही मिनिटेच बसतो, पण सकाळी पाठ आखडते, हे त्याने वडगाव वा तळेगावच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षे सांगितलेले असते, आणि संदर्भपत्रात ती एक ओळ असेल तर औषध कोणाला द्यायचे हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरू शकते.