विश्लेषण : पक्षाघातानंतर हात चालायला रोबो किती उपयोगी?

घरातल्या ज्येष्ठांना पक्षाघात झाला की जीव वाचल्यानंतरचा पहिला प्रश्न असतो, हात पुन्हा चालेल का? त्यासाठी शहरांतील रुग्णालये आता रोबोटिक फिजिओथेरपीची पॅकेजेस देऊ लागली आहेत. पैसे भरण्यापूर्वी ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा निकाल माहीत असायला हवा.

हा रोबो करतो काय?

रुग्णाचा हात यंत्राला पट्ट्याने बांधला जातो आणि पडद्यावरील ठिपक्याकडे तो न्यायचा असतो. रुग्णाला जमेल तेवढे तो करतो, उरलेले यंत्र. अमेरिकेतील ‘एमआयटी’त नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांच्या चमूने विकसित केलेला ‘एमआयटी-मॅनस’ हा यातला जुना आणि गाजलेला रोबो. त्यामागचा विचार साधा आहे. मेंदूचा शाबूत भाग हरवलेली हालचाल पुन्हा शिकतो तो सरावाने. पण अमेरिका आणि कॅनडातील उपचारांच्या २००९ मधील पाहणीत, एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच होत असल्याचे दिसले होते. यंत्र तेवढ्याच वेळात शेकडो हालचाली करवून घेते, आणि ते थकत नाही.

मग अडले कुठे?

‘रॅटल्स’ नावाच्या चाचणीत ७७० रुग्ण होते. निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोबो, दुसऱ्याला तेवढाच वेळ थेरपिस्ट, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या दोन्ही गटांना ४५ मिनिटांची सत्रे, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. ठरवलेल्या निकषाइतकी सुधारणा रोबो गटात ४४ टक्के, थेरपिस्टच्या गटात ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के रुग्णांत दिसली. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. रोबोमुळे हाताची हालचाल सुधारली, पण ती रोजच्या कामात उतरली नाही. पडद्यावरचा ठिपका गाठता आला, सदऱ्याचे बटण राहिलेच!

यंत्र अगदीच निरुपयोगी, असे मात्र नाही. २०१८ च्या ‘कोक्रेन’ आढाव्यात ४५ चाचण्या एकत्र पाहता फायदा दिसला होता. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२३ मध्ये हातासाठी रोबो देऊ नये, असे सांगितले आणि आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास पुनर्वसन उपचारांचा आग्रह धरला.

घरच्या घरी भागेल?

भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवण्यात आले. सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबित्वात फरक पडला नाही, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. सुनेला वा मुलाला चार गोष्टी शिकवल्या की थेरपिस्टची गरज संपते, हा समजही त्यामुळे सोडावा लागतो.

कमी पडतो आहे तो प्रशिक्षित माणसाचा वेळ. रोबो घेतल्याची जाहिरात करता येते, दोन थेरपिस्ट वाढवल्याची कोण करतो? म्हणून पॅकेज घेताना यंत्र कोणत्या देशाचे हे विचारण्यापेक्षा, सत्रात थेरपिस्ट किती मिनिटे समोर असेल आणि यंत्रावरून उठल्यावर त्याच हाताने पेला उचलणे, घास घेणे, बटण लावणे करवून घेतले जाईल का, हे विचारावे. उत्तर ‘नाही’ आले, तर तेच पैसे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या जास्तीच्या फेऱ्यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.